भुताच्या घराचा पंचनामा

‘या घरात काहीतरी आहे’ असे कोणी म्हणते, तेव्हा त्या चार शब्दांत तीन निराळी विधाने एकत्र आलेली असतात. कोणाला तरी काही जाणवले, हे एक. त्या जागी प्रत्यक्ष काही घडले, हे दुसरे. आणि ते घडवणारी अदृश्य शक्ती तिथे वावरते, हे तिसरे. पहिले विधान बहुधा खरे असते. रात्री जिन्यावर पावले ऐकू आली असे सांगणाऱ्याला ती ऐकू आलेलीच असतात. त्याला वेडा किंवा लबाड ठरवण्याचे कारण नाही. दुसऱ्या विधानाला पुरावा लागतो. तिसऱ्याला फार मोठा पुरावा लागतो, कारण तिथवर पोहोचण्याआधी वारा, उंदीर, धूर, अर्धवट झोप, भीती आणि घरातलीच माणसे या सगळ्यांना एकेक करून वगळावे लागते.

गेल्या दीडशे वर्षांत झपाटलेल्या घरांच्या आणि बाधित वस्तूंच्या ज्या तपासण्या गाजल्या, त्यांतले बहुतेक तपासनीस पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर गेले. म्हणून अशा तपासणीचे मोल ठरवताना तिथे काय सापडले हे मी आधी पाहत नाही. ‘इथे काही नाही’ असे उत्तर मिळण्याची सोय त्या तपासणीच्या रचनेत होती का, हे पाहतो. ज्या परीक्षेत नापास होताच येत नाही, त्या परीक्षेत पास होण्याला अर्थ नसतो.

फॅरडे यांचे टेबल

या निकषाला उतरणारी तपासणी फार लवकर झाली होती. १८५३ साली इंग्लंडमध्ये टेबले फिरवण्याची साथ होती. पाचसहा जणांनी टेबलाभोवती बसायचे, त्यावर हात टेकायचे आणि थोड्या वेळाने ते हलू लागले की मृतात्मा आला असे मानायचे. बसणाऱ्यांत सुशिक्षित, प्रतिष्ठित माणसे होती आणि आपण टेबल ढकलत नाही असे ती शपथेवर सांगत. मायकेल फॅरडे यांनी त्यांना खोटे पाडण्याचा प्रयत्न केला नाही. त्यांनी जाड कागदाचे गुळगुळीत तुकडे मऊ चिकट मिश्रणाच्या गोळ्यांनी एकावर एक हलकेच जोडले आणि ती चळत हातांखाली ठेवली. टेबल आपण होऊन फिरत असेल, तर खालचा तुकडा आधी सरकेल. हात ढकलत असतील, तर वरचा. वरचा सरकला. मग त्यांनी हाताचा दाब दाखवणारी एक काडी बसवली. ती काडी बसणाऱ्यांच्या नजरेसमोर येताच टेबल हलायचे थांबले.

या प्रयोगात दोन्ही उत्तरांना जागा होती. खालचा तुकडा आधी सरकला असता, तर फॅरडे यांना ते मान्य करावे लागले असते. आणि निष्कर्षात कोणाची बेअब्रू नव्हती: माणसे खरे बोलत होती, त्यांचे स्नायू मात्र त्यांच्या नकळत काम करत होते. आपल्याकडे प्लँचेटची वाटी सरकते ती याच कारणाने. पुढे १८८२ मध्ये लंडनला ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ स्थापन झाली, तत्त्वज्ञ हेन्री सिज्विक तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि झपाटलेल्या घरांसाठी तिथे स्वतंत्र समिती नेमली गेली. या संस्थेला केवळ भुते मानणाऱ्यांचा गट समजणे अन्यायाचे आहे. सर्वांत प्रसिद्ध झपाटलेल्या घराची सर्वांत कठोर चिकित्सा पुढे याच संस्थेच्या सभासदांनी केली.

बोर्ली

ते घर म्हणजे इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातली बोर्ली रेक्टरी, म्हणजे धर्मोपदेशकाचे निवासस्थान. १८६३ च्या सुमारास हेन्री बुल या धर्मोपदेशकाने आपल्या मोठ्या कुटुंबासाठी ही लाल विटांची अवाढव्य वास्तू बांधली. इथे पूर्वी मठ होता, एका जोगिणीला प्रेमसंबंधावरून भिंतीत चिणले आणि तीच बागेत फिरते, अशी दंतकथा होती. त्या मठाला इतिहासाचा आधार नाही. तरी १९०० च्या उन्हाळ्यात बुल यांच्या मुलींना संध्याकाळच्या वेळी ती बागेत दिसली. कथा आधी होती आणि दर्शन नंतर झाले, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

जून १९२९ मध्ये ‘डेली मिरर’ने हॅरी प्राइस यांना तिथे पाठवले. प्राइस हे मोठे कर्तबगार, प्रसिद्धीचे मर्म जाणणारे गृहस्थ. जादूचे हातखंडे त्यांना ठाऊक होते आणि अनेक भोंदू माध्यमांचे बिंग त्यांनी फोडले होते. ते बोर्लीत आले आणि दगड पडणे, वस्तू फेकल्या जाणे असे नवेच प्रकार सुरू झाले. १९३० मध्ये फॉयस्टर दांपत्य राहायला आले, तेव्हा तर घटनांचा पूर लोटला. भिंतींवर श्रीमती फॉयस्टर यांच्या नावाने मदतीच्या याचना उमटू लागल्या. मे १९३७ मध्ये प्राइस यांनी ते रिकामे घर वर्षभरासाठी भाड्याने घेतले, ‘टाइम्स’मध्ये जाहिरात दिली आणि ४८ निरीक्षक निवडले. प्रत्येकाच्या हाती एक सूचनापुस्तिका दिली.

वरवर पाहता हे शास्त्रीय वाटते: निरीक्षक पुष्कळ, कालावधी भरपूर, नोंदी लेखी. पण पुस्तिकेत या घरात काय काय घडू शकते आणि ते घडल्यास काय करावे हे सांगितलेले होते. म्हणजे निरीक्षक घरात शिरण्याआधीच त्याला कशाची वाट पाहायची ते कळलेले होते. जुन्या लाकडी घरात रात्री आवाज होतातच. पण बोर्लीसारखेच जुने, तेवढेच मोठे, मात्र कुप्रसिद्ध नसलेले दुसरे घर घेऊन तिथेही ४८ जणांना तीच पुस्तिका देऊन बसवले असते, तर तुलना झाली असती. तसे केले गेले नाही. इतके करूनही बहुतेक निरीक्षकांना विशेष काही आढळले नाही. मात्र १९४० मध्ये प्राइस यांचे पुस्तक आले, त्यात बोर्लीला इंग्लंडमधले सर्वाधिक झपाटलेले घर म्हटले होते आणि वाचकांच्या मनावर तेच कोरले गेले.

घर फेब्रुवारी १९३९ मध्येच जळाले होते. तेव्हाच्या मालकाने दिवा उलटल्याचे सांगितले. विमा कंपनीने चौकशीअंती त्याचा दावा लबाडीचा ठरवला. प्राइस १९४८ मध्ये वारले. १९५६ मध्ये एरिक डिंगवॉल, कॅथलीन गोल्डनी आणि ट्रेव्हर हॉल या सोसायटीच्याच तीन सभासदांनी सगळी कागदपत्रे तपासून अहवाल प्रसिद्ध केला. उंदीर, घराच्या रचनेमुळे घुमणारे आवाज, माणसांच्या खोड्या आणि खुद्द प्राइस यांच्याबद्दलचा दाट संशय, एवढेच त्यातून उरले. श्रीमती फॉयस्टर यांनीही उतारवयात सांगितले की आपण भूत कधी पाहिले नाही. काही आवाज वाऱ्याचे होते आणि काही आपण स्वतःच केले होते.

या तिघांच्या कामाला मी फार मोठे मानतो. आपल्याच वर्तुळातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसाचे काम त्यांनी निर्ममपणे उलगडले. आणि तरीही आज बोर्लीचे नाव घेतले की प्राइस आठवतात, हे तिघे आठवत नाहीत.

न्यूयॉर्कजवळच्या ॲमिटीव्हिलमधल्या घरावर इतका वेळ घालवण्याची गरज नाही. नोव्हेंबर १९७४ मध्ये त्या घरात एका तरुणाने स्वतःच्या कुटुंबातल्या सहा जणांना गोळ्या घातल्या, हे खरे. डिसेंबर १९७५ मध्ये लुट्झ कुटुंब तिथे राहायला आले आणि २८ दिवसांत निघून गेले, हेही खरे. एड आणि लॉरेन वॉरन हे दांपत्य दूरचित्रवाणीचा चमू घेऊन आले आणि त्यांनी घर बाधित असल्याचे जाहीर केले. १९७७ मध्ये पुस्तक आले, १९७९ मध्ये चित्रपट. पण पुस्तकात बर्फात खुरांचे ठसे उमटल्याचे लिहिले होते आणि हवामानाच्या नोंदींनुसार तेव्हा तसा बर्फच पडला नव्हता. पोलीस येऊन गेल्याचे लिहिले होते, पण पोलिसांच्या दप्तरी तशी नोंद नव्हती. खुन्याच्या वकिलाने १९७९ मध्ये सांगून टाकले की ही कथा आपण लुट्झ दांपत्याबरोबर दारू पीत बसून रचली. नंतर राहायला आलेल्या कुटुंबाला भुतांचा त्रास झाला नाही. घर बघायला येणाऱ्यांच्या झुंडींचा मात्र फार झाला. हवामान खाते आणि पोलीस ठाणे या दोन ठिकाणी विचारणा केली असती, तरी हे प्रकरण पहिल्याच महिन्यात संपले असते.

घरातले मूल

एनफिल्डचे प्रकरण वेगळे आहे आणि मला ते जास्त अस्वस्थ करते. लंडनच्या उत्तरेला सरकारी वसाहतीतल्या एका घरात घटस्फोटित आई चार मुलांसह राहत होती. ऑगस्ट १९७७ च्या अखेरीस भिंतीवर टकटक सुरू झाली, कपाट सरकले, खेळण्यातले ठोकळे आणि गोट्या उडू लागल्या. बोलावलेल्या पोलीस शिपाई बाईंनी एक खुर्ची तीनचार फूट सरकताना पाहिल्याचा लेखी जबाब दिला. सोसायटीतर्फे मॉरिस ग्रोस आले, पाठोपाठ लेखक गाय लायन प्लेफेअर आले आणि दोघांनी वर्षभराहून अधिक काळ त्या घरात ठाण मांडले. बहुतेक घटना अकरा वर्षांच्या मुलीभोवती घडत. पुढे तिच्या तोंडून एका म्हाताऱ्याचा घोगरा आवाज बोलू लागला.

ग्रोस यांची तरुण मुलगी वर्षभरापूर्वीच अपघातात गेली होती. मृत्यूनंतर काही उरते का, हा प्रश्न त्यांच्यासाठी नुसता अभ्यासाचा नव्हता. त्यांच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्याला एका उत्तराची इतकी गरज आहे, त्याला एकट्याला न्यायाधीश करू नये. सोसायटीच्याच अनिता ग्रेगरी यांनी नोंदवले आहे की आवाज बोलायचा तेव्हा बघणाऱ्यांना खोलीबाहेर जायला किंवा तोंड फिरवायला सांगितले जाई. तसा आवाज स्वरयंत्रातल्या खोट्या स्वररज्जूंनी काढता येतो. मुलगी चमचे वाकवताना कॅमेऱ्यात सापडली. काही गोष्टी आम्ही मुद्दाम केल्या, असे तिने नंतर कबूलही केले. तिच्या मते त्यांचे प्रमाण शेकडा दोन होते.

इथे समर्थक एक युक्तिवाद करतात: दोन टक्के खोटे म्हणून उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के खोटे कसे? हा युक्तिवाद पद्धतीच्या अंगाने टिकत नाही. एकदा लबाडी सिद्ध झाली की उरलेली प्रत्येक घटना लबाडी करता येणार नाही अशा स्थितीत घडल्याचे दाखवावे लागते, आणि एनफिल्डमध्ये अशी स्थिती कधी निर्माणच केली गेली नाही. शिपाई बाईंच्या खुर्चीचे काय, असे कोणी विचारील. तिचे कारण समजलेले नाही, इतकेच म्हणता येते. कारण न समजलेली घटना ही कारण नसलेली घटना नसते, आणि भुताचा पुरावा तर नसतेच.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबस शहरात हेच पुन्हा घडले. केंद्रस्थानी चौदा वर्षांची दत्तक मुलगी होती. मुलाखत संपल्यावर चालू राहिलेल्या एका दूरचित्रवाणी कॅमेऱ्याने तिला टेबलावरचा दिवा स्वतःच पाडताना टिपले. जगभरच्या अशा प्रकरणांत वारंवार सापडते ते हेच: ताणाखालचे घर आणि त्यातले ऐकून न घेतलेले एक मूल.

महाराष्ट्राला हे नवे नाही. आपण याला भानामती म्हणतो. घरावर दगड पडतात, घडी घातलेले कपडे पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, अन्नात घाण सापडते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या नेतृत्वाखाली अशी अनेक प्रकरणे हाताळली आणि त्यांची रीत मला प्राइस आणि वॉरन यांच्या रीतीपेक्षा कितीतरी पुढची वाटते. कार्यकर्ते घरात येतात, प्रत्येकाशी एकेकट्याने बोलतात, कोणाला काय सोसावे लागते आहे ते काढून घेतात. करणारी व्यक्ती सापडली, तरी तिचे नाव चारचौघांत फोडत नाहीत. तिच्याकडून थांबण्याचा शब्द घेतात आणि गरज असेल तर मानसोपचाराची वाट दाखवतात. प्रकार थांबतात. छळली गेलेली सून किंवा अभ्यासाच्या धाकाने घुसमटलेला मुलगा गावासमोर उघडा पडत नाही, आणि करणीच्या संशयावरून शेजारची एखादी म्हातारीही मार खात नाही. एनफिल्डच्या मुलीभोवती वर्षभर वार्ताहर आणि टेपरेकॉर्डर होते. तिला अशी माणसे भेटायला हवी होती.

वस्तूंची बाधा

घराची निदान तपासणी करता येते; वस्तूच्या बाबतीत तपासायला बहुधा वस्तू आणि तिची गोष्ट एवढेच हाती असते. कनेक्टिकटमधल्या वॉरन दांपत्याच्या संग्रहातली ॲनाबेल ही कापडी बाहुली १९७० च्या सुमारास एका परिचारिकेकडे होती आणि ती जागा बदलायची, चिठ्ठ्या लिहायची असे सांगितले जाते. या सांगण्यापलीकडे तपासता येईल असे काही नाही. स्टीव्हन नोव्हेला आणि त्यांचे सहकारी वॉरन यांच्याकडे पुरावा पाहायला गेले, तेव्हा त्यांना गोष्टी भरपूर मिळाल्या, पुरावा मिळाला नाही. काचेच्या पेटीवर हात लावू नका असे लिहिले की बाहुली कायमचीच परीक्षेबाहेर जाते.

‘डिबुक पेटी’ची गोष्ट मुळापर्यंत शोधता आली. २००३ मध्ये केव्हिन मॅनिस याने ईबेवर दारू ठेवण्याचे एक छोटे कपाट विकायला काढले आणि ज्यूंच्या छळातून वाचलेल्या एका वृद्धेची, कपाटात कोंडलेल्या पिशाच्चाची हकीकत सोबत जोडली. त्यावर २०१२ मध्ये चित्रपट निघाला, पेटी लास व्हेगासच्या संग्रहालयात गेली. केनी बिडल यांनी ते कपाट न्यूयॉर्कमध्ये तयार झालेला साधा मिनीबार असल्याचे शोधून काढले आणि २०२१ मध्ये मॅनिसने सगळी गोष्ट आपण रचल्याचे कबूल केले. नरसंहारातून वाचलेल्या माणसाचे दुःख मालाची किंमत वाढवायला वापरले गेले, ही यातली मला सर्वांत चीड आणणारी बाजू आहे.

तरी शापाची शास्त्रीय परीक्षा होऊ शकते. तुतनखामेनच्या थडग्याचा शाप सर्वांना माहीत आहे. लॉर्ड कार्नारव्हॉन एप्रिल १९२३ मध्ये वारले आणि वृत्तपत्रांनी तो जगभर नेला. मार्क नेल्सन यांनी २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हिशेब मांडला. त्या काळी इजिप्तमध्ये असलेले ४४ पाश्चात्त्य त्यांनी घेतले. त्यांपैकी २५ जण थडगे किंवा शवपेटी उघडताना हजर होते. हजर असलेल्यांचे मृत्यूसमयी सरासरी वय ७० आणि नसलेल्यांचे ७५ निघाले. वय, लिंग अशा बाबी जमेस धरल्यावर हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. प्रत्यक्ष उत्खनन करणारे हॉवर्ड कार्टर १९३९ पर्यंत जगले. बोर्लीत जो तुलनेचा गट नव्हता, तो इथे होता.

हवा, आवाज आणि मन

मग पावले कुठून येतात? १९२१ मध्ये नेत्रतज्ज्ञ विल्यम विल्मर यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात एका कुटुंबाची हकीकत दिली. हे कुटुंब १९१२ मध्ये एका जुन्या घरात राहायला गेले. सगळ्यांची डोकी दुखू लागली, मुले फिकट पडली, झाडे सुकली, रात्री पावले वाजू लागली, परक्या आकृती दिसू लागल्या. शेवटी घर गरम ठेवणारी भट्टी तपासली, तर ती बिघडलेली निघाली. तिचा धूर चिमणीतून बाहेर न जाता घरात पसरत होता. भट्टी दुरुस्त झाली आणि भुते गेली. कारण होते कार्बन मोनॉक्साइड.

ब्रिटिश अभियंते विक टँडी यांचा १९९८ मधला शोधनिबंध असाच प्रसिद्ध आहे. प्रयोगशाळेत त्यांना अस्वस्थ वाटे, डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसे. शिकंज्यात धरलेले तलवारीचे पाते आपोआप थरथरताना पाहून त्यांनी शोध घेतला. नव्या पंख्यामुळे खोलीत सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, कानाला ऐकू न येणारा नाद भरला होता. हे स्पष्टीकरण इतके देखणे आहे की भुतांवर विश्वास न ठेवणारे ते न तपासता सगळीकडे लावतात. पण क्रिस्टोफर फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ७९ जणांना एका खास खोलीत फिरवले, काहींच्या वेळी असा नाद किंवा विद्युतचुंबकीय क्षेत्र चालू ठेवून आणि काहींच्या वेळी बंद ठेवून. पुष्कळांना चमत्कारिक अनुभव आले, पण त्यांचा यंत्र चालू असण्याशी संबंध दिसला नाही. तेव्हा भूत नाकारणाऱ्याच्या स्पष्टीकरणालाही तीच परीक्षा द्यावी लागते.

मनाची तयारी मात्र पुन्हा पुन्हा निर्णायक ठरते. रेन्स लँग आणि जेम्स हूरन यांनी १९९७ मध्ये २२ जणांना एक बंद पडलेले नाट्यगृह दाखवले. अर्ध्यांना ते झपाटलेले असल्याचे सांगितले, अर्ध्यांना दुरुस्ती चालू असल्याचे. पहिल्या गटाला कितीतरी अधिक विलक्षण अनुभव आले. टोरांटोत १९७२ मध्ये एका गटाने तर ‘फिलिप’ नावाचा सतराव्या शतकातला सरदार स्वतः कल्पनेने तयार केला, बैठका घेतल्या आणि काही महिन्यांनी टेबलातून त्याची टकटक ऐकू येऊ लागली. फॅरडे यांचे उत्तर तेव्हा सव्वाशे वर्षे जुने होत आले होते.

आजच्या दूरचित्रवाणीवरच्या भूतशोधकांच्या हातातली यंत्रे ही परंपरा पुढे नेतात. विद्युतचुंबकीय मापक तारांतली गळती शोधण्यासाठी असतो आणि मोबाइल जवळ आला तरी हलतो. छायाचित्रांतले प्रकाशगोल म्हणजे फ्लॅशसमोर आलेली धूळ. आकाशवाणीच्या लहरी भराभर चाळणाऱ्या पेटीतून तुटक शब्द येणारच. यंत्र खरे मोजते. पण ते भूत मोजते असे कोणी कधी सिद्ध केलेले नाही.

ज्यांच्या घरी असे काही सुरू होईल, त्यांना माझी विनंती आहे. मांत्रिकाला आणि कॅमेरेवाल्याला दाराबाहेर ठेवा. काय घडले, केव्हा, तेव्हा घरात कोण होते, हे त्याच दिवशी लिहून काढा. घरातल्या प्रत्येकाशी, विशेषतः मुलांशी आणि सुनांशी, एकेकट्याने आणि न रागावता बोला. वायरिंग, नळ आणि छत तपासून घ्या. आणि गॅस गीझर बंद न्हाणीघरात बसवलेला असेल, तर तो आधी बाहेर काढा, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि त्याने माणसे मरतात.